छायाचित्राखालच्या चार ओळी : फोटो चांगला असूनही तो लोकांना का सापडत नाही?

नमस्कार मंडळी. छायाचित्रणाविषयीच्या या वाहिनीवर सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कॅमेऱ्याचा किंवा लेन्सचा नसतो. "मी तीन-चार वर्षे मनापासून फोटो काढतो, नेमाने संकेतस्थळांवर टाकतो, पण ओळखीच्या पंधरा-वीस लोकांपलीकडे कोणी त्याची दखल घेत नाही, माझे काय चुकते?" असा तो प्रश्न असतो. त्यामागची खंत मला परिचयाची आहे, कारण मी स्वतः बराच काळ तोच प्रश्न उराशी बाळगून होते. आज मी त्याचे उत्तर माझ्या एकाच छायाचित्राच्या आधाराने देणार आहे.

पडद्यावर दिसतो आहे तो पुरंदर तालुक्यातल्या एका गावच्या वेशीजवळचा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराची स्मारकशिळा. साधारण कमरेइतक्या उंचीची काळ्या दगडाची ही शिळा आहे. सर्वांत खालच्या चौकटीत लढणारा आणि धारातीर्थी पडलेला वीर आहे, त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन जात आहेत, त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. डिसेंबर 2014 मध्ये मी हे छायाचित्र काढले आणि त्याच आठवड्यात फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर टाकले. त्याला मी नाव दिले होते 'सांज सोनेरी', आणि टॅग, म्हणजे शोधासाठीचे शब्द, लावले होते संध्याकाळ, प्रकाश, महाराष्ट्र, प्रवास. मित्रमैत्रिणींनी कौतुक केले आणि चार दिवसांत ते छायाचित्र विस्मरणात गेले.

आता विचार करा, वीरगळांवर अभ्यास करणारी व्यक्ती शोधपेटीत काय लिहील? ती 'वीरगळ' लिहील, 'पुरंदर' लिहील, कदाचित तालुक्याऐवजी गावाचे नाव लिहील. यांतला एकही शब्द माझ्या छायाचित्राखाली नव्हता. त्या व्यक्तीला जे हवे होते ते माझ्याकडे होते, पण तिथवर पोहोचण्याची वाट मीच बंद करून ठेवली होती. हल्ली संकेतस्थळे चित्र ओळखून आपणहून काही टॅग लावतात हे खरे, पण यंत्राने माझ्या शिळेला 'दगड' आणि 'शिल्प' म्हटले तर त्याचा उपयोग किती? आपल्या प्रदेशातल्या वस्तूंची नावे आपल्यालाच लिहावी लागतात.

म्हणून मी 2019 मध्ये बसून त्याच छायाचित्राखाली चार ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत ही वस्तू काय आहे ते लिहिले : तीन चौकटींचा वीरगळ. दुसऱ्या ओळीत ती कुठे आहे ते लिहिले : गाव, तालुका, जिल्हा आणि वेशीच्या कोणत्या बाजूला. तिसऱ्या ओळीत छायाचित्र काढल्याची तारीख आणि वेळ नोंदवली. चौथी ओळ लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण तिच्यात या वीरगळाचे वेगळेपण सांगायचे होते. त्यासाठी मूळ फाइल शंभर टक्के आकारात उघडून पाहिली, तेव्हा मला प्रथमच दिसले की खालच्या चौकटीत वीराच्या पायांशी दोन गायी कोरलेल्या आहेत. गोधनाच्या रक्षणासाठी पडलेल्या वीरांच्या स्मारकांवर अशा गायी दिसतात. म्हणजे पाच वर्षे माझ्याच छायाचित्रात काय आहे हे मला ठाऊक नव्हते. चार ओळी लिहिण्याचा पहिला लाभ छायाचित्रकारालाच होतो असे मी म्हणते ते या अनुभवावरून.

हेच वेगळेपण किती महत्त्वाचे असू शकते याचे प्रसिद्ध उदाहरण मुंबईतच आहे. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर युद्धनौका कोरलेल्या आहेत आणि सागरी युद्धाचे प्रसंग आहेत. या वीरगळाच्या छायाचित्राखाली केवळ 'जुने शिल्प, मुंबई' असे लिहिले, तर जे सांगायला हवे होते तेच राहून गेले असे होईल.

टॅगच्या बाबतीत एक सूचना. मराठी नाव देवनागरीत लिहा, तेच रोमन लिपीत लिहा, आणि लोक ज्या निरनिराळ्या प्रकारे लिहितात ते सर्व पर्याय द्या. 'वीरगळ' लिहिणारे आहेत तसे 'वीरगल' लिहिणारे आहेत, कर्नाटकातले अभ्यासक 'वीरगल्लु' म्हणतात आणि परदेशी अभ्यासक 'हिरो स्टोन' शोधतात. फ्लिकरवर एका छायाचित्राला 75 टॅग लावता येतात, परंतु मर्यादा आहे म्हणून ती भरून काढण्याची गरज नाही. दहा-बारा नेमके टॅग पुरतात. जे छायाचित्रात नाही त्याचा टॅग लावणे ही शोधणाऱ्याची फसवणूक आहे आणि ती मला अजिबात मान्य नाही.

अर्थात चार ओळी कितीही चांगल्या असल्या तरी मूळ छायाचित्र स्पष्ट असावेच लागते. वीरगळ, शिलालेख, सतीशिळा यांसारख्या उथळ कोरीव कामासाठी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन : प्रकाश बाजूने, तिरका यायला हवा. दुपारी बाराच्या उन्हात किंवा कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशच्या समोरच्या झोतात कोरीव काम सपाट दिसते, आणि सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात तेच काम सावल्यांमुळे उठून येते. ऊन नसेल तर सोबतच्या माणसाला विजेरी शिळेच्या अगदी कडेला धरायला सांगा. कॅमेरा शिळेला समांतर ठेवा. आणि अक्षरे किंवा आकृत्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून दगडावर खडू, तेल किंवा पीठ कधीही चोळू नका. आपल्या एका फोटोसाठी शेकडो वर्षांच्या वारशाला धक्का लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता हे छायाचित्र ठेवायचे कुठे? इन्स्टाग्रामविषयी मी थोडक्यात सांगते : तिथे छायाचित्र लगेच दिसते आणि तितक्याच लगेच खाली सरकते, त्यामुळे ओळखीपाळखी वाढवण्यासाठी ते उत्तम आहे, पण पाच वर्षांनी कोणी शोधत येईल अशी अपेक्षा तिथे ठेवता येत नाही. फ्लिकर 2004 मध्ये सुरू झाले आणि आजही तिथली खरी ताकद म्हणजे ग्रुप. 'एक्सप्लोर' या विभागात रोज सुमारे 500 छायाचित्रे निवडली जातात आणि अनेक जण त्याच्या मागे धावतात. मला मात्र विषयाला वाहिलेल्या लहान ग्रुपमध्ये टाकलेले एक छायाचित्र अधिक मोलाचे वाटते. तिथे दहाच लोक पाहतात, पण त्या दहांपैकी तिघांना विषय कळतो. त्या ग्रुपमध्ये आपणही इतरांची छायाचित्रे नीट पाहावीत आणि 'छान' या एका शब्दाऐवजी आपल्याला काय दिसले ते लिहावे. माझ्या गायींच्या बाबतीत 'हा गोग्रहणाचा, म्हणजे गायी पळवून नेण्याचा प्रसंग असावा' हे मला अशाच एका ग्रुपमधल्या सदस्याने समजावून दिले.

सर्वांत जास्त वेळ मला द्यायचा आहे तो विकिमीडिया कॉमन्सला, कारण आपल्याकडे त्याचा विचार फार कमी छायाचित्रकार करतात. विकिपीडियावरच्या लेखांत दिसणारी बहुतेक छायाचित्रे या 2004 मध्ये सुरू झालेल्या भांडारातून येतात. तिथे छायाचित्राच्या पानावर खाली उतरलात की ते कोणत्या भाषेच्या विकिपीडियात, कोणत्या लेखात वापरले गेले आहे याची यादी आपोआप दिसते. लाइक्सच्या आकड्यापेक्षा ही यादी मला फार वेगळे समाधान देते. माझा वीरगळ आधी मराठी लेखात गेला, मग इंग्रजी लेखात, आणि त्यानंतर एका अशा भाषेच्या लेखात, जिची लिपीसुद्धा मला वाचता येत नाही.

कॉमन्सवर गुणवत्तेची पारखही होते. 'क्वालिटी इमेज' या दर्जासाठी छायाचित्र किमान 2 मेगापिक्सेलचे असावे लागते आणि तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असावे लागते. 'फीचर्ड पिक्चर' या त्याहून वरच्या दर्जासाठी नऊ दिवस मतदान चालते. किमान सात मते बाजूने पडावी लागतात आणि विरोधी मतांच्या दुप्पट मते बाजूने असावी लागतात. तिथले परीक्षक परखड असतात. क्षितिज किंचित कलले आहे, कडेला रंगांची किनार दिसते आहे, आकाशात कण आले आहेत, असे ते स्पष्ट लिहितात. माझी पहिली तीन छायाचित्रे नाकारली गेली आणि त्या तीन नकारांतून मी जे शिकले ते शेकडो कौतुकांतून शिकले नव्हते.

याच भांडाराशी जोडलेली 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' ही वारसा-स्मारकांच्या छायाचित्रांची स्पर्धा 2010 मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली. 2011 च्या स्पर्धेत 1,68,208 छायाचित्रे आली आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. 2017 मध्ये जगभरातून आलेल्या छायाचित्रांत पहिला क्रमांक कोणत्या छायाचित्राला मिळाला हे प्रत्येक मराठी छायाचित्रकाराला ठाऊक असावे असे मला वाटते : जेजुरीच्या खंडोबाच्या मंदिरातल्या भंडाऱ्याच्या उधळणीचे ते छायाचित्र होते. परदेशातल्या भव्य वास्तूंच्या रांगेत आपली पिवळीधमक जेजुरी पहिली आली. त्यासाठी कोणाला दूरदेशी जावे लागले नाही.

पण कॉमन्सवर छायाचित्र देण्यापूर्वी परवान्याचा, म्हणजे इतरांनी ते कोणत्या अटींवर वापरावे याच्या परवानगीचा, विचार शांतपणे करा, कारण तो एकदा दिला की मागे घेता येत नाही. 'सीसी बाय-एसए 4.0' हा तिथे रुळलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना व्यावसायिक वापरालाही मुभा देतो. त्याच्या बदल्यात वापरणाऱ्याने तुमचे नाव, परवान्याचा उल्लेख आणि केलेले बदल नमूद करणे बंधनकारक असते. 'अव्यावसायिक वापरापुरतेच' अशी अट घातलेले छायाचित्र कॉमन्स स्वीकारत नाही. म्हणून ज्या छायाचित्रांवर तुमचा चरितार्थ चालतो ती तिथे देऊ नका. माझा स्वतःचा नियम असा आहे की वारसा, निसर्ग आणि गावगाड्यातल्या वस्तू मी मुक्त परवान्याने देते, आणि माणसांची व्यक्तिचित्रे व कामासाठी काढलेली छायाचित्रे सर्व हक्क राखून ठेवते.

नाव न देता छायाचित्र वापरले जाण्याचा अनुभव तुम्हालाही येईल. माझा वीरगळ एका दिवाळी अंकात माझ्या नावाशिवाय छापला गेला तेव्हा मला वाईट वाटले. छायाचित्र 'इंटरनेटवरून साभार' होते. मी संपादकांना पत्र लिहिले, मूळ पानाचा दुवा दिला, भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 57 व्या कलमाने कर्त्याला कर्तृत्वाचा, म्हणजे 'ही कृती माझी आहे' असे सांगण्याचा, हक्क दिला आहे याची आठवण करून दिली, आणि पुढच्या अंकात नावासह दुरुस्ती छापावी एवढीच विनंती केली. त्यांनी ती छापली. 4.0 परवान्यातच अशी तरतूद आहे की चूक लक्षात आल्यापासून 30 दिवसांत ती सुधारली, तर अट मोडल्यामुळे वापरणाऱ्याचा रद्द झालेला परवाना पुन्हा लागू होतो; त्यामुळे पहिले पत्र भांडणाचे नसावे, माहितीचे असावे असे मला वाटते. छायाचित्रावर मधोमध मोठे नाव छापणे हा त्यावरचा उपाय नाही, कारण तसे छायाचित्र कोणी लेखात घेत नाही. त्याऐवजी कॅमेऱ्यातून उतरवतानाच फाइलच्या अंतर्गत माहितीत आपले नाव आणि वर्णन भरून ठेवा.

स्थळाच्या नोंदीबाबत एक अपवाद मी पाळते. उघड्यावर, राखणीशिवाय पडलेली लहान मूर्ती असेल, किंवा पक्ष्याचे घरटे असेल, तर मी तालुक्यापर्यंतच लिहिते. चोराला आणि उपद्रवी माणसाला माझ्या चार ओळींनी वाट दाखवावी असे मला वाटत नाही.

आज घरी गेल्यावर तुमच्या खात्यातली सर्व छायाचित्रे सुधारायला बसू नका, दमून सोडून द्याल. ज्या विषयाचे तुमच्याकडे सर्वाधिक काम आहे तो एक विषय घ्या, त्यातली वीसच छायाचित्रे निवडा, आणि प्रत्येकाखाली काय, कुठे, केव्हा आणि वेगळे काय, एवढे लिहा. एकाच दृश्याच्या सात प्रती असतील तर सहा काढून टाका.

आता शेवटी पुन्हा पडद्याकडे पाहा. गेल्या वर्षी मला त्या गावातल्या एका तरुणाचा संदेश आला. रस्ता रुंद करताना वेशीजवळचा वीरगळ हलवला गेला होता आणि तो नेमका कोणत्या बाजूला, कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता यावर गावात दोन मते होती. शोधता शोधता त्याला माझे छायाचित्र सापडले. त्याखाली तारीख होती, सायंकाळी साडेपाचची वेळ होती, वेशीची बाजू लिहिलेली होती, आणि शिळेची सावली कोणत्या बाजूला पडली आहे हे चित्रातच दिसत होते. त्याने त्या छायाचित्राची मोठी प्रत मागितली. मी ती त्याच रात्री पाठवली.