भागाकार सोपा आहे, आकडे कुठून आणता?

मंडळी, आजचं विजेचं गणित सातवीतल्या मुलालाही जमेल. व्होल्टला (विजेचा दाब) अँपियरने (वाहणारा करंट) भागलं की रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये. व्होल्टला अँपियरने गुणलं की शक्ती, वॅटमध्ये. संपलं. पाण्याच्या टाकीची उपमा मी देणार नाही. ती सगळ्यांनी शाळेत ऐकलीय आणि तिने आजवर कुणाचा गिझर दुरुस्त झालेला नाही. मला बोलायचंय ते आकड्यांबद्दल. हे व्होल्ट आणि अँपियर उपकरण चालू असताना मोजलेले हवेत. बंद उपकरणाला मल्टिमीटर लावून आलेला रोध बऱ्याचदा फसवतो.

गिझरपासून सुरुवात करू, कारण तो सरळमार्गी आहे. पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट. म्हणजे करंट ८.७ अँपियर, आणि कॉइलचा रोध साधारण २६.५ ओहम. कॉइल नायक्रोमची, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची असते. तापली तरी तिचा रोध फारसा हलत नाही. आता संध्याकाळी दाब १८० व्होल्टवर आला. करंट ६.८ अँपियर, शक्ती जेमतेम १२२५ वॅट. दाब बावीस टक्क्यांनी उतरला, शक्ती मात्र एकोणचाळीस टक्क्यांनी, कारण दाबाबरोबर करंटही उतरतो आणि गुणाकारात दोघांचा फटका बसतो. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला जिथे सोळा मिनिटं लागायची, तिथे आता पंचवीसच्या पुढे. बिल कमी येईल या भ्रमात राहू नका. युनिट तेवढेच जळतात, अर्ध्याहून किंचित जास्त, फक्त सावकाश.

आता जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब घ्या. हिशोबाने त्याचा रोध ५२९ ओहम यायला हवा. होल्डरमधून काढून मल्टिमीटर लावलात तर चाळीसच्या आसपास दिसेल. त्यावरून शक्ती काढली तर तेराशे वॅट! मीटर खोटं बोलत नाही. आपण थंड तार मोजली, आणि बल्ब पेटतो तेव्हा टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या घरात असते. तापलेल्या धातूचा रोध वाढतो. तो तेराशे वॅटचा आकडाही अगदीच काल्पनिक नाही. बटण दाबल्यावर अगदी क्षणभर बल्ब खरोखर तसला करंट ओढतो. जुने बल्ब बहुधा लावतानाच का उडायचे, ते इथे कळतं.

भागाकाराचं हे सूत्र देणाऱ्या गेओर्ग ओहमलाही हा आकड्यांचा प्रश्न छळत होता. जर्मनीतल्या कोलोनच्या शाळेत शिकवणारा हा कुलूपवाल्याचा मुलगा १८२०च्या दशकात तारा मोजत बसला होता. त्या काळच्या बॅटऱ्या वापरता वापरताच मंदावायच्या. दाबच स्थिर नाही तर भागणार कशाला? मग त्याने बिस्मथ आणि तांबं या दोन धातूंचा जोड केला. अशा जोडाच्या दोन टोकांच्या तापमानात फरक असला की दाब तयार होतो. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं वितळणाऱ्या बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून दाबही कायम. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून करंट किती ते चुंबकीय सुईवर पाहिलं. पुस्तक १८२७मध्ये आलं, स्वदेशात त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने मात्र १८४१मध्ये कॉप्ली पदक दिलं. सूत्र एका ओळीचं. त्यामागची खरी अक्कल त्या बर्फाच्या भांड्यात आहे, असं माझं मत.

पाण्याची मोटर हा वेगळाच प्राणी. तिच्या वाइंडिंगचा (आतल्या तारेच्या गुंडाळीचा) रोध चार ओहम निघाला म्हणून ती सत्तावन्न अँपियर ओढत नाही. फिरू लागली की ती आतून उलट दाब तयार करते, त्यामुळे करंट सहा-सात अँपियरवर राहतो. इथे नुसता गुणाकारही पुरत नाही, पॉवर फॅक्टर, म्हणजे या गुणाकारातला खरोखर वॅट होणारा वाटा, धरावा लागतो: २३० गुणिले ७ म्हणजे १६१०, पण प्रत्यक्ष वॅट अकराशेच्या आसपास. आणि दाब उतरला की गिझरच्या नेमकं उलट घडतं. उपसायचं पाणी तेवढंच, म्हणून मोटर जास्त करंट ओढते. सातचा नऊ झाला तर वाइंडिंगमधली उष्णता पासष्ट टक्क्यांनी वाढते. ती करंटच्या वर्गात वाढते, हे जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिलं. लाइनच्या शेवटी असलेल्या शेतकऱ्याची मोटर कमी दाबात जळते, आणि लोक म्हणतात, 'करंट कमी होता तरी कशी जळली?' करंट नाही हो, दाब कमी होता!

शेवटी सगळ्यात उपयोगाचं. गिझर लावला की सॉकेटपाशी २२१ व्होल्ट दिसतात, त्याच वेळी मेन बोर्डावर २२६. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा मीटर, फक्त फेजच्या वायरभोवती लावा. दोन्ही वायरी एकदम धरल्यात तर शून्य दाखवेल. करंट ८.४ अँपियर. म्हणजे बोर्ड ते सॉकेट पाच व्होल्ट हरवले: पाच भागिले ८.४, रोध ०.६ ओहम. अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर पंधरा मीटर गेली असेल तर जाऊन-येऊन तिचा वाटा ०.२२. उरलेले ०.३८ ओहम कुठल्यातरी सैल स्क्रूत किंवा प्लगच्या काळ्या पिनेत बसलेत. करंटचा वर्ग गुणिले तो रोध: जवळपास २७ वॅट. तारा डाग देऊन जोडायचं साधं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं असतं. तेवढी आग भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत, रोज सकाळी, गिझर चालेल तितका वेळ. एवढा बारीक रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहमवर सापडत नाही, त्याच्या वायरींचाच रोध त्यात मिसळतो. चालू सर्किटवरचं हे मोजमाप वायरमनकडूनच करून घ्या, आणि सॉकेट उघडायचं ते मेन बंद करून.