डावीकडची खिडकी

नमस्कार श्रोतेहो. मुंबईहून गोव्याला विमानानं निघालात, तर डावीकडची खिडकी मागून घ्या. विमान बहुतेक वेळा जुहूवरून समुद्रावर जातं, मग दक्षिणेला वळतं आणि वरळी, लोअर परळ डाव्या हाताला येतात. डावीकडची, लक्षात ठेवा. आणि मुलं सोबत असतील तर खिडकी त्यांना द्या; आपलं शहर वरून पाहिलेलं मूल नकाशा पाठ करत बसत नाही.

माझे काका लोअर परळच्या श्रीनिवास मिलमध्ये साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे; मागाला मिलमध्ये साचा म्हणत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, त्यांचा साचा थांबला तो थांबलाच. पुढे त्याच जमिनीवर 'वर्ल्ड वन' टॉवर चढू लागला. काम चालू असतानाच काका पहिल्यांदा विमानात बसले, मडगावला, नातीच्या लग्नाला. मी त्यांना डावीकडे बसवलं.

विमान वळलं तसं काकांनी काचेवर बोट टेकवलं. आधी रेल्वेचे रूळ धरले, मग रेसकोर्सचा हिरवा लंबगोल, मग रूळांच्या कडेनं बोट सरकवत क्रेनपाशी आले. "ती क्रेन आहे ना, तिथं आमचं साचेखातं. अलीकडे दरवाजा, हजेरी तिथंच लागायची. वर करवती छप्पर. उत्तरेचा उजेड यायचा, ऊन नाही. तुटलेला धागा लगेच दिसायचा." टॉवरबद्दल अवाक्षर नाही! खालून मान वर करून आपण उंची बघतो. वरून काकांना जमीन दिसली. अशा प्रत्येक टॉवरच्या दारावर जुन्या मिलचं नाव ठळक मराठीत लावलंच पाहिजे, असं मला वाटतं.

या टॉवरचा मूळ बेत ११७ मजल्यांचा, ४४२ मीटरचा. विमानांच्या वाटेमुळे तेवढ्या उंचीला परवानगी मिळाली नाही. ७६ मजले, २८० मीटर, तिथंच थांबला. पुन्हा सांगतो, ४४२चा बेत, २८०वर थांबला.

वरळी मागे पडल्यावर काकांनी विचारलं, "एवढी क्रेन खाली कशी आणणार रे?" त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. इमारत वाढते तशी क्रेन जॅकवर रेटत वर चढवतात. काम संपलं की गच्चीवर छोटी क्रेन बसवतात, ती मोठीचे भाग खाली सोडते. मग आणखी छोटी. शेवटची सुटी करून माणसं लिफ्टनं खाली नेतात.

"म्हणजे फिटरचं काम," काका म्हणाले, आणि गोवा येईपर्यंत मिलमधल्या फिटरांबद्दलच बोलत राहिले.