रवा धरला, पण कोणाच्या हातांनी?

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचे पहिले महापौर एतिएन द बोरे यांच्याविषयी आज बोलायचे आहे. मात्र महापौरपदाच्या आठ वर्षे आधीची, १७९५ सालची एक हकिकत मला प्रथम सांगू द्या.

शहराच्या वरच्या अंगाला, मिसिसिपी नदीकाठी, जिथे आज ऑडुबॉन पार्क आहे, तिथे द बोरे यांचा मळा होता. मळ्यातले निळीचे पीक किडीने खाल्ले होते. दुसरीकडे, आज हैती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सँ-दोमँगमध्ये १७९१ साली गुलामांनी उठाव केल्यामुळे तिथल्या साखरेचा पुरवठा आटला होता. पत्नीचा विरोध असतानाही द बोरे यांनी ऊस लावला आणि मोरँ नावाच्या जाणकाराला बोलावले. न्यू ऑर्लिन्स ज्या प्रांतात आहे त्या लुइझियानाच्या उसाची तोवर काकवी होत असे, साखर काही होत नसे. त्यामुळे पहिल्या हंगामात शेजारपाजारचे मळेवाले काहिलींभोवती जमले. मोरँ पाकावर डोळा ठेवून होता, आणि अखेर ‘रवा धरला!’ अशी आरोळी उठताच ती बातमी नदीकाठाने पसरत गेली. त्या पिकाचे १२,००० डॉलर आले, असे सांगतात.

ही हकिकत त्यांचे नातू, इतिहासकार शार्ल गायारे यांनी रंगवून लिहिली आहे. गुऱ्हाळ पाहिलेल्या श्रोत्यांना चुलवाणाची धग सांगायला नको. (पांढराफेक गूळ मागणाऱ्यांनी एकदा तरी त्या धगीपाशी उभे राहावे, असे माझे मत आहे.) पण ऊस तोडणारे, चरकात घालणारे, एका काहिलीतून दुसरीत उकळता रस ओतणारे हात गुलामांचे होते. पुन्हा सांगतो, ते हात गुलामांचे होते. थंडीने दंव गोठून ऊस खराब होण्याआधी तोडणी आणि गाळप उरकायचे म्हणून ते रात्रंदिवस राबत, भाजत, चरकात हात गमावत. आरोळीच्या गोष्टीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नाही.

३० नोव्हेंबर १८०३ रोजी फ्रेंच अधिकारी लोसा यांनी द बोरे यांना महापौर नेमले, वीस दिवसांनी शहर अमेरिकेकडे गेले, आणि मे १८०४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. कारकीर्द एवढीच. रवा धरल्याचा परिणाम मात्र पुढे दशकानुदशके टिकला, कारण साखरेत पैसा दिसताच मळे वाढले आणि मळ्यांबरोबर गुलामांची मागणीही वाढली. परदेशातून गुलाम आणण्यावर अमेरिकी संसदेने बंदी घातली, तेव्हा १८०४ मध्ये ती उठवावी म्हणून मळेवाल्यांचे निवेदन वॉशिंग्टनला नेणाऱ्या तिघांत द बोरे यांचे मेहुणे जाँ नोएल देस्त्रेआँ होते.

जानेवारी १८११ मध्ये याच नदीकाठच्या गुलामांनी उठाव करून न्यू ऑर्लिन्सची वाट धरली. तो मोडल्यावर पकडलेल्यांपैकी अनेकांचा निवाडा याच देस्त्रेआँ यांच्या मळ्यावर झाला, मारलेल्यांची शिरे नदीकाठी खांबांवर लावली गेली, आणि प्रत्येक मृत गुलामामागे ३०० डॉलरची भरपाई त्याच्या मालकाला देण्याचे विधिमंडळाने मंजूर केले.