मी कोणाचा बैल घेतला?

बंधू-भगिनींनो, सप्रेम जय ख्रिस्त.

पुढारीपणाचा विषय निघाला की आपल्या व्याख्यानांत मोशे येतो, यहोशवा येतो, दावीद तर येतोच. आज मला इस्राएलाचा जुना न्यायाधीश आणि संदेष्टा शमुवेल याच्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही त्याच्या एकाच सभेबद्दल. १ शमुवेलचा १२ वा अध्याय उघडून ठेवा.

शौल नुकताच राजा झाला आहे. अम्मोन्यांचा पराभव झालाय, गिलगालला लोक जमलेत, यज्ञ झालेत, सगळे खुशीत आहेत. अशा दिवशी जुन्या पुढाऱ्याचा सत्कार व्हायचा, हार घालायचे, चार शब्द बोलायचे. शमुवेल उभा राहतो आणि म्हणतो, मी तुमच्यासमोर आहे, माझ्याविरुद्ध साक्ष द्या. मी कोणाचा बैल घेतला? कोणाचं गाढव घेतलं? कोणाला फसवलं? कोणावर जुलूम केला? कोणाकडून लाच घेऊन डोळेझाक केली? सांगा, मी परत करतो.

हे तो कोणासमोर विचारतो पाहा. लोकांसमोर, परमेश्वरासमोर आणि नव्या राजासमोर. कोणी आरोप केलेला नाही, चौकशी बसलेली नाही. आयुष्यभर दरवर्षी बेथेल, गिलगाल, मिस्पा असा फेरा करून ज्यानं लोकांचे न्यायनिवाडे केले, तो माणूस पद सोडताना स्वतःहून हिशेबाला उभा राहतो. आणि प्रश्नही मोघम नाहीत. ‘माझं काही चुकलं असेल तर क्षमा करा’ असं आपण निरोपसमारंभात म्हणतो, त्याला कोणी उत्तर देत नाही. बैलाबद्दल विचारलं की उत्तर द्यावंच लागतं, कारण बैल कोणाच्या गोठ्यात आहे हे गावाला ठाऊक असतं.

शमुवेलाला हा प्रश्न का सुचला, हे समजायला त्याच्या लहानपणात जावं लागेल. तो शिलो इथल्या मंदिरात याजक एलीच्या हाताखाली वाढला. त्या मंदिरात काय चालायचं ते दुसऱ्या अध्यायात आहे. माणूस यज्ञ करायला यायचा, मांस शिजत असायचं, आणि याजकाचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा. काटा भांड्यात खुपसायचा, वर येईल ते याजकाचं. पुढेपुढे तर चरबी परमेश्वरासाठी जाळायच्या आधीच कच्चं मांस मागायला लागले. कोणी म्हणालं, ‘अहो, आधी चरबी तर जळू द्या,’ तर उत्तर ठरलेलं: आत्ता दे, नाहीतर जबरदस्तीनं घेईन.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. याजकाला वाटा होताच. ऊर आणि उजवी मांडी त्याची, असं लेवीयाच्या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात स्पष्ट आहे. सेवकानं वेदीवर जगावं ही देवाचीच व्यवस्था आहे, आणि जी मंडळी, म्हणजे जे चर्च, आपल्या पाळकाचा पगार महिनोन्‌महिने थकवते तिनं हा अध्याय दुसऱ्यावर बोट दाखवायला वापरू नये. एलीची याजक मुलं हफनी आणि फिनहास यांचा गुन्हा वेगळा आहे. ठरलेल्या वाट्यावर त्यांचं भागलं नाही. परिणाम काय झाला, तर लोकांना परमेश्वराच्या अर्पणाचाच तिटकारा आला, असं पवित्र शास्त्र म्हणतं.

मला हे वाक्य फार जड वाटतं. आपल्या हंगामाच्या सणाला एखादी म्हातारी पदराखाली कोंबडी घेऊन येते. कोणी ज्वारीचं पोतं आणतं, कोणी परसातला भोपळा. उपासनेनंतर लिलाव होतो, भोपळ्याला त्याच्या किमतीच्या दहापट बोली लागते, सगळे हसतात, खूश होतात. त्या पैशांचं पुढे काय झालं हे तिला कळलं नाही, किंवा कळलं आणि ते वाईट निघालं, तर पुढच्या वर्षी ती कोंबडी आणणार नाही. आणि ती कमिटीवर रागावून थांबणार नाही, तिचं मन देवाच्या घरावरूनच उडेल.

एलीनं मुलांना तोंडी समज दिली, पदावरून काढलं नाही. घराण्याला शिक्षा होणार हा देवाचा निरोप त्या पोराकडून, शमुवेलाकडून, एलीला मिळाला. हे सारं पाहिलेल्या शमुवेलानं म्हातारपणी काय करावं? योएल आणि अबीया या आपल्या मुलांना त्यानं बैरशेब्यात न्यायाधीश नेमलं, आणि ते लाच खायला लागले. शमुवेल स्वच्छ होता, तरी आपल्यामागे आपलीच मुलं हे त्यालाही सुटलं नाही. वडीलजनांनी रामा गावी येऊन तोंडावर सांगितलं: तुम्ही म्हातारे झालात, तुमची मुलं तुमच्या मार्गानं चालत नाहीत. मुलगा सेक्रेटरी, सून संडेस्कूलची प्रमुख, जावई खजिनदार, अशा मंडळ्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांतले काही जण खरोखर लायक असतीलही. पण घरच्या माणसाला हिशेब विचारायला कोणाची जीभ उचलत नाही, खरी अडचण ती आहे.

नहेम्याचं उदाहरण धावतं देतो. यहूदाचा सुभेदार म्हणून १२ वर्षं त्यानं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. आधीचे सुभेदार अन्न-द्राक्षारसाशिवाय ४० शेकेल चांदी वसूल करत. याच्या पंगतीला १५० माणसं, रोज एक बैल आणि सहा निवडक मेंढरं लागायची, तरी त्यानं हक्काचं मागितलं नाही, कारण लोक आधीच शेतं गहाण टाकून धान्य आणत होते. आणि पौल? यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी पोचवताना त्यानं तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला दुसरा भाऊ दिला. पौलावर अविश्वास दाखवण्याची कोणाची छाती होती? तरी तो करिंथकरांना लिहितो की प्रभूच्याच नव्हे, माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते आम्ही करतो. ‘देव बघतोय ना’ म्हणून वही न दाखवणाऱ्यांनी २ करिंथ ८:२१ वाचावं.

आपल्या मातीतही हे घडलेलं आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला, म्हणजे विधवांसाठीच्या त्यांच्या शाळेला, अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षांची मदत कबूल केली होती. मुदत संपत आली तेव्हा, १८९८ मध्ये, रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि झालेल्या कामाचा वृत्तांत त्यांनी देणाऱ्यांपुढे उभं राहून सांगितला.

तेव्हा कमिटीवर असलेल्यांना माझी विनंती आहे. दानपेटी दोघांनी मोजा, आणि ते दोघे एका घरातले नसावेत. रविवारची रक्कम त्याच दिवशी वहीत चढू द्या. वर्षाचा जमाखर्च उपासनेनंतर वाचून दाखवा, वेळ नाही म्हणू नका. मुदत संपली की पासबुक, चेकबुक, पावतीपुस्तकं, किल्ल्या आणि जमिनीचे कागद सर्वांसमोर नव्या लोकांच्या हाती द्या. कोणी प्रश्न विचारला तर त्याला मंडळीचा वैरी ठरवू नका. शमुवेलानं तर तो प्रश्न लोकांच्या तोंडी स्वतः घातला होता.

लोकांनी उत्तर दिलं, तुम्ही कोणाकडून काहीच घेतलं नाही. त्यानंतर शमुवेल रुसून घरी बसला नाही. नवा राजा लोकांनी त्याच्या मनाविरुद्ध मागितला होता. तरी २३ व्या वचनात तो म्हणतो, तुमच्यासाठी प्रार्थना करायचं सोडून मी परमेश्वराविरुद्ध पाप करणार नाही, चांगला मार्ग तुम्हांला शिकवत राहीन. निवडणुकीत पडल्यावर दुसऱ्या रविवारपासून मंडळीत न येणारे आपले किती जुने पंच आहेत, त्यांची नावं मी घेणार नाही. त्यांच्या घरी जा, आणि हा अध्याय त्यांच्याबरोबर बसून वाचा.