तार निघाली, आता रिटेनर! क्लिपा काढल्यावर दात परत वाकडे का होतात?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "ताई, क्लिपा काढून दीड वर्ष झालं, समोरचे दात परत वाकडे होतायत, असं कसं?" म्हणून आज तारेबद्दल थोडं आणि रिटेनरबद्दल, म्हणजे तार निघाल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून दातांवर घालायच्या साच्याबद्दल, भरपूर.

तारेचं काम बहुतेकांना माहीत आहे. दातांवर ब्रॅकेट म्हणजे छोट्या पट्ट्या चिकटवतात, त्यातून वायर जाते, ती दातावर हलका दाब ठेवते आणि दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो. बहुतेकांना दीड ते दोन वर्षं लागतात. चिक्की, ऊस, कणीस दातांनी तोडायचं नाही, ब्रॅकेट निघतं. आमटीतल्या हळदीने वायर ब्रॅकेटला धरून ठेवणारी पारदर्शक रबरं पिवळी पडतात, ती पुढच्या भेटीत बदलून मिळतात. झालं.

आता ही डबी बघा. (डबी उघडून कॅमेऱ्याजवळ) हा माझा स्वतःचा रिटेनर. मी रोज रात्री घालते.

मी अकरावीत असताना माझी तार निघाली. आईने भिशी लागली तेव्हा त्यातून डॉक्टरांचे पैसे भरले होते. पुढे तीनच महिन्यांनी चुलतबहिणीचं लग्न होतं. जेवायला बसताना मी रिटेनर काढला, कागदी रुमालात गुंडाळला आणि पानाशेजारी ठेवला. पंगत उठली, वाढप्यांनी पानांबरोबर तो रुमालही उचलला. कार्यालयाच्या मागे खरकट्याच्या बादल्यांत आई नवी साडी खोचून शोधत होती. नाही सापडला. दात तर सरळ झालेत, आता कशाला नवा, असं मीच आईला म्हटलं. बीडीएसला, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीला असताना स्वतःच्या दातांचं माप घेतलं, प्लास्टरचं मॉडेल हातात आलं, तर खालचे पुढचे चार दात एकमेकांवर चढलेले. पुन्हा तार लावावी लागली. म्हणून मी याबाबतीत इतकी आग्रही आहे.

हे होतं कसं? दात काही हाडात सिमेंट भरून बसवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यात तंतूंचा पातळ थर असतो, पाव मिलिमीटरच्या आसपास. दाब पडतो त्या बाजूचं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं भरत जातं. तार काढली त्या दिवशी हे नवं हाड कोवळंच असतं. शिवाय दाताच्या मानेभोवती हिरडीत लवचीक तंतू असतात. फिरलेला दात सरळ केला की ते ताणले जातात, आणि त्यांना नव्या जागी रुळायला वर्ष किंवा त्याहूनही जास्त लागू शकतं. तोवर ते दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात.

घर बांधताना स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी सेंट्रिंग काढतो का आपण? वरून कडक दिसतो, तरी थांबतो. रिटेनर म्हणजे दातांचं सेंट्रिंग. फक्त इथे ते रात्रीपुरतं पुढेही लावत राहायचं असतं.

"किती दिवस घालायचा?" सुरुवातीचे काही महिने बहुतेक जणांना जेवण आणि ब्रश सोडून दिवसभर, नंतर रात्री. नेमके महिने तुमचे डॉक्टर सांगतील. पण "रात्रीचा कधी बंद करू" असं विचाराल, तर दात सरळ हवेत तोवर नाही. तार कधीच न लावलेल्यांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटीवाटीने बसायला लागतात. आणि कृपा करून अक्कलदाढेवर खापर फोडू नका. "अक्कलदाढेने ढकलले" अशा कमेंट रोज येतात, पण ते मुख्य कारण नाही.

काहींना दातांच्या आतल्या बाजूने बारीक तार कायमची चिकटवून देतात. तिला रोज जिभेने चाचपा. एखाद्या दातावरून ती सुटली तर दुखत नाही, कळतही नाही, आणि तो एकटा दात हळूच फिरतो.

जपायचं कसं? रिटेनर दोनच ठिकाणी असतो, तोंडात नाहीतर डबीत. रुमालात नाही, खिशात नाही, उशीखाली नाही. गार पाणी आणि मऊ ब्रशने धुवा. उकळत्या पाण्यात टाकलात तर हा पारदर्शक रिटेनर आकारच बदलतो.

अजून एक, कारण सध्या असे व्हिडिओ फिरतायत: पुढच्या दोन दातांतली फट बंद करायला घरातलं रबर अडकवू नका. दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं होत जातं, त्यामुळे रबर घसरत हिरडीखाली जातं, तिथे हाड खातं आणि चांगला धडधाकट दात हलायला लागतो. पडूही शकतो. ज्यांनी लावलंय त्यांनी आजच डॉक्टरांकडे जा.

आता ज्यांनी विचारलंय, "सहा महिने घातला नाही, आता घट्ट होतोय." थोडा घट्ट वाटतोय पण पूर्ण बसतोय? मग आज रात्रीपासून रोज घाला. बसतच नाही, दात आणि प्लास्टिकमध्ये फट दिसतेय? मग दाबून बसवू नका. परीक्षा झाल्यावर बघू म्हणू नका, याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. जाताना जुना रिटेनर बरोबर न्या, मोडलेला असला तरी.