सकाळी रुसणारा कॉम्प्युटर

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या डिसेंबरात आपल्या बेळगावच्या शहापुरातल्या एका छापखान्यातून मला बोलावणं आलं. लग्नपत्रिका, भजनी मंडळांची पत्रकं, मराठी शाळांच्या प्रश्नपत्रिका असं तिथलं काम. मालक म्हणाले, "सकाळी कॉम्प्युटर चालूच होत नाही बघा. चार-पाच वेळा बटण दाबावं लागतं. एकदा चालू झाला की संध्याकाळपर्यंत तक्रार नाही." एकानं रॅम बदलून पाहिली होती. दुसऱ्यानं सांगितलं होतं, भंगारात घाला.

भंगारात कसा घालणार? त्यांचं मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर जुन्या प्रिंटर पोर्टला लावलेल्या लॉकवर, म्हणजे ज्याच्याशिवाय ते उघडतच नाही अशा छोट्या खुंटीवर चालतं, आणि आताच्या बहुतेक मदरबोर्डवर ते पोर्टच नसतं. वीस वर्षांचे पत्रिकांचे नमुने त्याच मशीनमध्ये होते.

'सकाळी' हा शब्द ऐकला आणि माझा संशय कपॅसिटरवर गेला. जुने रेडिओ मेकॅनिक ज्याला कंडेन्सर म्हणतात, तोच. प्रोसेसरच्या आजूबाजूला ॲल्युमिनियमच्या छोट्या डब्यांची रांग दिसते ना, ते हे. आपल्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपण घरावर टाकी बसवतो. प्रोसेसर क्षणाक्षणाला कमी-जास्त वीज ओढतो, आणि हे डबे ती चढउतार सांभाळतात. आत विद्युतद्रव असतं. ते सुकलं किंवा बिघडलं, की टाकी भरलेली असूनही तिच्या पाईपमध्ये गाळ साचावा तसं होतं. या अडथळ्याला ईएसआर म्हणतात. थंडीत तो आणखी वाढतो, म्हणून आपल्या बेळगावच्या गार सकाळी मशीन रुसतं आणि गरम झालं की सुरळीत चालतं.

मी झाकण उघडलं, धूळ झटकली, टॉर्च तिरपा धरला. कपॅसिटरच्या डोक्यावर इंग्रजी 'K' किंवा फुलीसारखी खाच असते, आणि ते डोकं सपाटच असायला हवं. इथं तीन डबे भाकरी फुगावी तसे वर आले होते, एकाच्या खाचेतून तपकिरी चिकटा बाहेर आला होता. साधारण 1999 ते 2007 या काळात बनलेल्या बऱ्याच बोर्डांवर हा रोग आढळतो. कमी दर्जाच्या विद्युतद्रवातलं पाणी ॲल्युमिनियमशी क्रिया करतं, हायड्रोजन वायू तयार होतो आणि दाबानं डबा फुगतो.

पण प्रत्येक खराब कपॅसिटर फुगतोच असं नाही. काही बुडाकडून गळतात, काही दिसायला अगदी धडधाकट असतात. साध्या मल्टीमीटरवर मायक्रोफॅरड, म्हणजे साठवणीचं माप, बरोबर येतं आणि माणूस फसतो. टाकीचं माप बरोबर, पण पाईप तुंबलेला! त्यासाठी ईएसआर मीटर लागतो. तो नसेल तर सकाळी बंद मशीनच्या त्या भागावर हेअर ड्रायरनं दोन मिनिटं कोमट हवा सोडा. लगेच चालू झालं, तर संशय पक्का धरायला हरकत नाही.

बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, 105 अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसणारा आणि कमी ईएसआरचा माल घ्या. साधा पंख्याचा कंडेन्सर इथं चालत नाही. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, कारण डब्यावरची पट्टी ऋण टोक दाखवते, पण बोर्डावर रंगवलेली बाजू काही कंपन्या धन म्हणून वापरतात. उलटा बसला तर फुटतो.

एक कळकळीची विनंती. बोर्डापर्यंत ठीक आहे, पण वीज देणारा एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. ते काम जाणत्या हाताकडेच द्या.

छापखान्यातले ते तीन आणि त्यांच्या रांगेतले बाकीचे चार, असे सात कपॅसिटर मी बदलले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मालकांचा फोन आला. पलीकडून आधी प्रिंटरची घरघर ऐकू आली, मग त्यांचा आवाज: "पहिल्याच बटणाला चालू झाला!"