विद्यापीठाचं पाणी आणि वीज: रात्री दोनचं रीडिंग घ्या

नमस्कार. गणेशखिंडीतलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं आवार 411 एकरांचं आहे. एवढ्या आवाराचं पाणी आणि वीज सांभाळायची म्हणजे नेमकं काय करायचं?

मोठ्या कॅम्पसला वीज सहसा 11 किंवा 22 केव्हीवर, म्हणजे 11 किंवा 22 हजार व्होल्टवर येते. महावितरण ती गेटजवळच्या मीटरपर्यंत आणून देते, महापालिका पाणी आणून देते. मीटरच्या आत शिरल्यावर गळकी पाइपलाइन तुमची आणि मेलेला कपॅसिटरही (वीजपॅनलमधला एक भाग, त्याचं पुढे येतंच) तुमचाच. बिलावरून हे कळत नाही, कारण तिथे महिन्याचा एकच आकडा असतो. म्हणून रात्री दोन ते चारचं रीडिंग घ्या. तेव्हा वर्ग, ऑफिस, कॅन्टीन बंद असतं. तरीही जे वाहतंय, त्याचा हिशोब लागला पाहिजे.

आधी पाणी. वसतिगृहासाठी धरायचा आकडा माणशी रोज 135 लिटर, नुसत्या दिवसा भरणाऱ्या कॉलेजसाठी 45. तुमचा वापर याच्या दुप्पट येत असेल तर मुलांना दोष देऊ नका, आधी टाकी तपासा.

[स्क्रीनवर: गच्चीवरच्या टाकीचं चित्र]

यासाठी मीटरही लागत नाही. टाकी भरून घ्या, रात्री एकला इनलेटचा व्हॉल्व्ह बंद करा, पातळीला खडूची खूण करा. तीनला परत बघा. टाकी आतून 5 मीटर बाय 4 मीटर असेल तर 1 सेंटिमीटर म्हणजे 200 लिटर. दोन तासांत पाणी 6 सेंटिमीटर उतरलं तर 1,200 लिटर गेले. ताशी 600, दिवसाचे 14,400. म्हणजे शंभरावर मुलांचं पाणी. परीक्षेच्या आठवड्यात मात्र ही चाचणी नको, तेव्हा वसतिगृह झोपतच नाही.

हे पाणी बहुतेक वेळा फ्लश टँकमधून जातं. टँकमध्ये खाण्याचा रंग टाका, पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर खालचा रबरी वॉशर गेला. दुसरा चोर म्हणजे गच्चीवरचा बॉल कॉक. तो अडकला की पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपमधून थेट पावसाळी गटारात जातं आणि कुणाला दिसत नाही. हा पाइप मुद्दाम जिन्याजवळ किंवा वॉचमनच्या नजरेसमोर उघडा सोडा. लोक तक्रार करतील, तेच हवंय.

जमिनीखालच्या लाइनसाठी स्टेप टेस्ट. सगळ्या टाक्या भरून बॉल कॉक बंद झाले की मुख्य मीटर जवळपास थांबायला हवा. थांबत नसेल तर मीटरपासून सगळ्यात लांबच्या विभागाचा व्हॉल्व्ह आधी बंद करा, पंधरा मिनिटं रीडिंग बघा, मग त्याच्या अलीकडचा. जवळचा आधी बंद केलात तर पुढचं सगळंच बंद होतं आणि काही कळत नाही. ज्या व्हॉल्व्हला प्रवाह एकदम पडला, गळती त्या भागात.

ही टेस्ट फसते ती दोन कारणांनी. जुन्या व्हॉल्व्हच्या सीटवर गाळ बसतो, चाक फिरतं पण पाणी थांबत नाही. आणि मीटर गरजेपेक्षा मोठा बसवलेला असतो, तो रात्रीचा बारीक प्रवाह मोजतच नाही. काम झाल्यावर व्हॉल्व्ह सावकाश उघडा, नाहीतर वॉटर हॅमरने, म्हणजे पाण्याच्या अचानक धक्क्याने, दुसरीकडे जोड सुटेल. लाइन रिकामी राहिली असेल तर गळक्या जागेतून घाण पाणी आत ओढलं गेलेलं असू शकतं. शेवटच्या नळावर क्लोरिन बघा, लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं.

आता वीज. रात्रीचा लोड दुपारच्या लोडच्या निम्म्याजवळ असेल तर फीडरवार सबमीटर, म्हणजे प्रत्येक लाइनचा वेगळा मीटर बघा. लॅबची फ्युम हूड (घातक वायू बाहेर ओढणारी), सर्व्हर रूमचा एसी, कुणीतरी मॅन्युअलवर टाकून विसरलेला पंप, असं काहीतरी सापडतं. ट्रान्सफॉर्मरही नुसता चालू असण्याची वीज खातो. जुन्या 630 केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा नो-लोड लॉस एक किलोवॅटच्या आसपास धरा, वर्षाला 8,760 युनिट. सुट्टीत दोनपैकी एक बंद ठेवता येतो, पण पावसाळ्यात थंड ट्रान्सफॉर्मर ओल ओढतो. ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा घेतो त्या ब्रीदरमधली सिलिका जेल निळ्याची गुलाबी झाली का, ते बघत राहा.

मॅक्सिमम डिमांड, म्हणजे महिन्यातला सगळ्यात मोठा लोड, तर वर्षभर छळते. महाराष्ट्रात एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या ग्राहकाची बिलिंग डिमांड (ज्यावर डिमांडचा आकार लागतो ती) ठरवताना मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वाधिक आकड्याचे 75 टक्केही बघतात. दीक्षान्त समारंभाच्या दिवशी सभागृहाचे सगळे एसी, पंप आणि वसतिगृहाचे गिझर एकत्र आले की तो आकडा पुढच्या बिलांत बसून राहतो. दोन किलोवॅटचे 300 गिझर म्हणजे 600 किलोवॅट. निदान पंप तरी त्या तासांतून बाहेर काढा, टाक्या दुपारी सोलर चालू असताना भरा.

आणि सोलर बसवलं असेल तर हे नीट ऐका. एप्रिल 2020 पासून महावितरणचं एचटी बिल केव्हीएएचवर, म्हणजे रिअॅक्टिव्ह (मोटरींना लागणारी, पण काम न करणारी) वीजही धरणाऱ्या युनिटवर आहे, त्यामुळे पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण विजेतला कामाचा हिस्सा, थेट युनिटमध्ये दिसतो. समजा लोड 500 किलोवॅट, पॉवर फॅक्टर 0.95. म्हणजे रिअॅक्टिव्ह 164 केव्हीएआर. छतावरून 400 किलोवॅट आले तर ग्रिडकडून फक्त 100 किलोवॅट येतात, पण 164 केव्हीएआर तसेच. पॉवर फॅक्टर थेट 0.52! बरेचदा एपीएफसी पॅनलचा (कपॅसिटर आपोआप जोडणाऱ्या पॅनलचा) सीटी, म्हणजे करंट मोजणारा सेन्सर, सोलरच्या जोडाच्या आत, लोडकडच्या बाजूला असतो, त्यामुळे पॅनलला सगळं छान दिसतं. सीटी ग्रिडच्या इनकमरवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मुख्य लाइनवर हलवा.

पॅनल उघडलाच आहे तर प्रत्येक कपॅसिटरला क्लॅम्प मीटर लावा. 440 व्होल्टचा 25 केव्हीएआरचा कपॅसिटर 415 व्होल्टवर सुमारे 31 अँपिअर घेतो. 20 दाखवत असेल तर तो फक्त जागा अडवतोय, बदला. एका फेजला शून्य असेल तर फ्यूज किंवा कॉन्टॅक्टर गेलाय. आणि हात घालण्याआधी सप्लाय बंद करून पाच मिनिटं थांबा, मग डिस्चार्ज झाल्याचं मीटरने तपासा. बंद कपॅसिटरही शॉक देतो.